सरकारी वकील नक्की कुणाचा? घरातल्या मारहाणीच्या केसेसबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत पोलीस स्टेशनबद्दल भरभरून लिहिलंय, पण पुढे कोर्टात सरकारी वकिलांच्या ऑफिसात काय होतं हे जवळजवळ कुणालाच माहीत नाही असं दिसलं. मी बरीच वर्षं मॅजिस्ट्रेट कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणजे एपीपीचं काम केलंय, त्यामुळे आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगते. कलमांचं आधीच एक सांगून टाकते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतल्या ४९८अ चं (नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाईकांनी बाईचा केलेला छळ) कलम ८५ झालं (छळ म्हणजे काय ते ८६ मध्ये), पण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. म्हणून कागदावर दोन्ही नंबर दिसले तर घाबरू नका. शिक्षा तीच, ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

माझ्या नवऱ्यावर आणि सासूवर ४९८अ ची केस आहे. चार्जशीट जाऊन खूप महिने झाले. सरकारी वकील कोण आहेत तेही मला माहीत नाही, त्यांनी एकदाही फोन केला नाही. आमच्या बाजूने कुणी बोलतंय की नाही? खासगी वकील लावू का?

ताई, तुमच्या केसचं नाव बघा, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक असं लिहिलेलं असेल. म्हणजे केस सरकारची, तुम्ही त्यात फिर्यादी आणि सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदार, पण सरकारी वकिलाच्या अशील नाही. खासगी वकील जसा तारखेच्या आदल्या दिवशी फोन करतो तसा एपीपीचा फोन येत नाही. त्यांच्याकडे एक कोर्ट असतं, कधी दोन असतात, आणि रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत, चोरी, अपघात, मारामारी, जुगार सगळं एकत्र. बऱ्याचदा फाईल नीट उघडली जाते ती साक्षीच्या दिवशी सकाळीच. हे चुकीचं आहे आणि मी ते झाकून ठेवणार नाही, पण तुमचं काम अडू नये म्हणून सांगते, त्यांची वाट बघू नका, तुम्हीच जा.

ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक, टाकला की कोणतं कोर्ट, पुढची तारीख कधी, केस कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं. एफआयआरची कॉपी सोबत घ्या (ती फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे) आणि बोर्ड सुरू व्हायच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत त्या कोर्टाच्या एपीपींना भेटा, फक्त एवढं सांगायचं की मी अमुक केसमधली फिर्यादी, माझी साक्ष कधी लागेल, त्याआधी मला माझा जबाब वाचायचा आहे.

आणि एक काम आजच करा. पोलीस स्टेशनचा पैरवी अंमलदार, म्हणजे कोर्टाचं काम बघणारा पोलीस, त्याला तुमचा आत्ताचा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर लेखी द्या, एक कॉपी एपीपींकडे द्या. कितीतरी केसेसमध्ये एफआयआरवर पत्ता सासरचाच असतो, बाई राहते माहेरी किंवा दुसऱ्या गावी भाड्याने, समन्स जातं सासरी, तिथे ते कोण घेणार? मग "साक्षीदार मिळून येत नाही" असा रिपोर्ट येतो, असं दोन-चार वेळा झालं की कोर्ट पुरावा बंद करतं आणि आरोपी सुटतो, आणि बाईला हे कळतं नातेवाईकांच्या तोंडून. त्यात ना न्यायाधीशाची चूक ना तिची, नुसता पत्ता जुना होता.

खासगी वकील लावता येतो, पण त्याला केस स्वतःच्या हातात आपोआप घेता येत नाही. कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलांना मदत करतो, त्यांच्या सूचनेप्रमाणे चालतो आणि पुरावा संपला की परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. जामिनाच्या वेळी तुमचं म्हणणं मांडायला त्याचा खरा उपयोग होतो, पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय. पैसे नसतील तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही, नोकरी करत असाल तरीही मिळतो.

बहिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं आपसात मिटलंय, घटस्फोट घ्यायचं ठरलंय. ती केस मागे घ्यायला कोर्टात गेली तर सरकारी वकील म्हणाले तुम्हाला मागे घेता येणार नाही. मग आता काय? साक्ष फिरवली तर चालेल असं तिकडचा वकील सांगतोय.

सरकारी वकील बरोबर बोललेत. कलम ८५ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. खटला मागे घ्यायचा अधिकार सरकारी वकिलांना आहे, पण त्यालाही कोर्टाची संमती लागते, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६० मध्ये आता असंही आलंय की पीडिताचं ऐकून घेतल्याशिवाय कोर्टाने ती संमती द्यायचीच नाही. पण नवराबायकोच्या समझोत्यासाठी हा रस्ता कुणी वापरत नाही.

सरळ रस्ता हायकोर्टाचा आहे. दोघांच्या संमतीने एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करायचा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८), बहिणीने प्रतिज्ञापत्र द्यायचं की मी स्वखुशीने सहमत आहे. सुप्रीम कोर्टाने २००३ सालच्या बी. एस. जोशी केसमध्येच सांगितलंय की नवराबायकोचं खरंच मिटलं असेल तर कलम मिटवता न येणारं असलं तरी हायकोर्ट केस रद्द करू शकतं. तिथले सरकारी वकील तपासतात की सही दबावाखाली झालेली नाही ना, बऱ्याचदा न्यायमूर्ती बाईला स्वतः विचारतात. तेव्हा तिने खरं बोलावं.

साक्ष फिरवायचा सल्ला मात्र ऐकू नका. ती पिंजऱ्यात उभी राहून "असं काही घडलंच नाही" म्हणाली की सरकारी वकील तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात आणि मग तिचाच जबाब समोर ठेवून तिलाच उलटतपासासारखे प्रश्न विचारतात, तुम्ही पोलिसांना हे सांगितलं होतं का, ही सही तुमची का. तिच्यावरच खोट्या साक्षीची कारवाई कोर्ट सुरू करू शकतं, दरवेळी करत नाही पण करू शकतं. आणि याहून मोठा धोका वेगळाच आहे. ठरलेले पैसे यायचे बाकी असतात, दागिने परत यायचे असतात, मुलाचा ताबा ठरायचा असतो, आणि साक्ष फिरवून केस संपली की समोरच्याला त्यातलं काही द्यायची गरज वाटत नाही. ज्या बायका नंतर रडत ऑफिसात आल्या त्यांतल्या बहुतेकींचं असंच झालेलं होतं. म्हणून आधी संमतीच्या अटी कागदावर आणा, किती रक्कम, किती हप्ते, कोणता हप्ता कोणत्या टप्प्यावर, स्त्रीधनाची यादी, आणि शेवटचा हप्ता हायकोर्टात केस रद्द होताना मिळेल असंच लिहून घ्या.

अजून एक, "मिटलंय" हे तिने ठरवलंय की घरच्यांनी? चांगला एपीपी हे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारतो. धमकी असेल तर ती लपवू नका, साक्षीदाराने खोटं बोलावं म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहितेचं कलम २३२, ७ वर्षांपर्यंत शिक्षा), आणि आरोपी जामिनावर असून असं करत असेल तर सरकारी वकील जामीन रद्द करायला अर्ज करू शकतात. फक्त त्यांना ते लेखी कळायला हवं, तोंडी सांगितलेलं फाईलमध्ये राहत नाही.

जे झालं ते बेडरूममध्ये झालं, कुणी पाहिलं नाही. शेजारी ऐकून न ऐकल्यासारखं करतात. सरकारी वकील सिद्ध कसं करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय. घाबरून तक्रारच न करणाऱ्या खूप जणी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याला साक्षीदारांचा ठरावीक आकडा लागत नाही. एकट्या बाईची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तीही पुरते. पण विश्वासार्ह कधी वाटते? तपशील असेल तर. "लग्न झाल्यापासून सगळे मला त्रास द्यायचे, मारहाण करायचे, पैसे मागायचे", अशी वाक्यं इतक्या एफआयआरमध्ये सारखीच असतात की कोर्टावर त्यांचा परिणाम होत नाही, आणि ती बऱ्याचदा बाईची नसतातच, लिहून घेणाऱ्याची असतात. एपीपी फाईल हातात घेतली की शोधतात ते असं: कुठला सण होता, कोण घरी होतं, कुणाच्या तोंडून किती पैसे मागितले गेले, कशासाठी, कुठे मारलं, कशाने मारलं, नंतर तुम्ही कुठे गेलात. तारीख आठवत नसेल तर "मुलाच्या बारशानंतरच्या आठवड्यात" हेही चालतं. कलम ८६ मध्ये छळ म्हणजे एक तर बाईला आत्महत्येला किंवा गंभीर इजेकडे ढकलेल असं वागणं, नाहीतर बेकायदेशीर मागणीसाठी छळणं. साधी मारहाण त्यात बसत नसेल तर दुखापतीची कलमं वेगळी आहेत, ती एफआयआरमध्ये लागली आहेत ना ते बघा.

दवाखान्याचा कागद हा दुसरा पुरावा. नवरा बाजूला उभा असतो म्हणून बाई डॉक्टरला सांगते "बाथरूममध्ये पडले", आणि तोच कागद दोन वर्षांनी आरोपीचा वकील उघडतो. असं झालं असेल तर केस संपली असं नाही, पण ते तुमच्या जबाबात तुम्हीच आधी सांगा, मी पडले असं सांगितलं कारण ते शेजारी उभे होते. उलटतपासात पहिल्यांदा बाहेर आलं तर बनाव वाटतो, आधीच सांगितलेलं असलं तर माणसासारखं वाटतं. दाखवायला जाताना मात्र सरकारी दवाखान्यात जा आणि कुणी मारलं ते सांगा, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद होते.

आईभावाची साक्ष "घरच्यांचीच आहे" म्हणून टाकाऊ नसते. त्यांनी मारताना पाहिलं नाही हे खरं, पण रात्री मुलगी रिक्षातून एकटी आली, गालावर वळ होते, मुलाला अंगावरच्या कपड्यांनिशी आणलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेवढंच त्यांनी सांगावं. न पाहिलेलं सांगायला गेले की अख्खी साक्ष पडते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटची प्रिंट नुसती देऊन भागत नाही. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका, पोलिसांना सांगून पंचनामा करून घ्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, ते नसेल तर चांगला पुरावाही बाहेर राहतो. चार्जशीट जायच्या आधी तपास अधिकाऱ्याला हे विचारा, आणि त्यांनी केलं नाही तर एपीपींना सांगा. काही जणी विचारतात नवराबायकोतलं बोलणं कोर्टात चालतं का. एरवी त्याला संरक्षण असतं, पण एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात ते संरक्षण नसतं, तेव्हा बिनधास्त सांगा.

आता केसेस सर्वात जास्त कुठे पडतात ते सांगते. एफआयआर एका वकिलाने लिहायला मदत केली, घरगुती हिंसाचाराचा अर्ज दुसऱ्याने, पोटगीचा तिसऱ्याने, आणि तिन्हीत तीन गोष्टी. एकात ५ लाख मागितले, दुसऱ्यात गाडी मागितली, तिसऱ्यात मागणीचा उल्लेखच नाही. आरोपीचा वकील तिन्ही कागद शेजारी ठेवतो आणि उलटतपासात एकेक विसंगती काढतो, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं" असं दहा वेळा आलं की खरं बोलणारी बाईसुद्धा खोटी दिसायला लागते. सही करायच्या आधी प्रत्येक अर्ज स्वतः वाचा, समजला नाही तर वाचून घ्या, आणि सगळ्या कागदांच्या कॉप्या एपीपींना साक्षीच्या आधी दाखवा. साक्षीच्या आधी स्वतःचा जबाब वाचण्यात काही गैर नाही. पढवणं वेगळं, आठवण ताजी करणं वेगळं. उलटतपासात कुणी विचारलं की सरकारी वकिलांनी काय सांगितलं, तर सरळ सांगा, माझी फिर्याद वाचायला दिली.

माझ्या मेहुण्याच्या केसमध्ये आमचं अख्खं कुटुंब आरोपी केलंय, माझी बायको तर लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहते. सरकारी वकील सगळ्यांच्याच मागे हात धुवून लागतात का?

नाही, आणि लागूही नये. एपीपी कोर्टाचा अधिकारी असतो, शिक्षा मिळवून देणं हे त्याचं टार्गेट नाही, खरं काय ते कोर्टासमोर ठेवणं हे काम आहे. नणंद, तिचा नवरा, चुलत दीर अशा सगळ्यांची नावं एका वाक्यात गुंफलेली असतात आणि कुणी काय केलं ते नसतं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी, २०२२ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, अशा नातेवाईकांविरुद्धची कारवाई रद्द केली आहे. तुमच्या बायकोवर ठोस आरोप नसेल तर तिने आरोपमुक्तीचा अर्ज करावा किंवा हायकोर्टात जावं. अटकेची भीतीही थोडी कमी करा, ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची, अटक आपोआप करायची नाही, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे.

पण मला हेही मनापासून सांगायचंय की यावरून मेहुण्याची बायको खोटी असं ठरवून टाकू नका. घरातल्या एकाने मारलं आणि रागाच्या भरात किंवा कुणाच्या सल्ल्याने दहा नावं टाकली, असं खूपदा होतं, आणि मग त्या नऊ नावांच्या गोंधळात दहाव्याने केलेलं सुटून जातं. फिर्याद देणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ज्याने केलं त्याचंच नाव द्या, त्याने तुमची केस हलकी होत नाही, घट्ट होते.

मला घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळालाय तरी नवरा दारू पिऊन दाराशी येतो. या कोर्टात सरकारी वकील का नव्हते? आता कुणाकडे जाऊ?

२००५ चा हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, त्यात अर्ज तुमचा, म्हणून वकील तुमचा किंवा विधी सेवेचा. संरक्षण अधिकारी मदत करतात, घटना अहवाल तेच बनवतात. पण संरक्षण आदेश मोडला की चित्र बदलतं. कलम ३१ प्रमाणे तो गुन्हा होतो, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा आणि पुढे खटला एपीपींनी चालवायचा. आणि इथे तुमची एकटीची साक्षसुद्धा कोर्ट पुरेशी मानू शकतं, हे कायद्यातच लिहिलंय. आदेशाची सहीशिक्क्याची प्रत पर्समध्ये ठेवा, एक पोलीस स्टेशनला जमा करून पोच घ्या. तो आला की ११२ ला फोन करा, कॉलची नोंद राहते, दुसऱ्या दिवशी जाऊन "काल आला होता" सांगण्यापेक्षा ती कितीतरी जड पडते. पोटगीचे पैसे थकले असतील तर त्याचा वसुलीचा अर्ज वेगळा करायचा, तो यात मिसळू नका.

पोलिसांनी केस "बी समरी" केली म्हणे. म्हणजे संपलं का?

नाही. बी समरी म्हणजे पोलिसांच्या मते तक्रार खोटी, सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. पण ते मत पोलिसांचं आहे, मॅजिस्ट्रेटचं नाही. ते मान्य करायच्या आधी कोर्टाने तुम्हाला नोटीस द्यायची असते, तिकडे जाऊन लेखी हरकत घ्या, कोणाचा जबाब घेतला नाही, कोणता कागद पाहिला नाही ते नेमकं लिहा. कोर्ट पुढचा तपास सांगू शकतं किंवा थेट दखल घेऊ शकतं. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊ नये म्हणून पुन्हा तेच, पत्ता अपडेट करा.

मी माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात राहते. पोलीस म्हणतात गुन्हा सासरी घडला, तिकडे जा.

जायची गरज नाही. रूपाली देवी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय की घरातून बाहेर पडून जिथे आसरा घेतला तिथेही ४९८अ ची तक्रार चालते, कारण मनावरचा त्रास तिथेही चालूच असतो. ऐकत नसतील तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तरी नाही घेतलं तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

माझा मुलगा मला मारतो. सून नाही, नवरा नाही, मी एकटी आई आहे. हे कायदे माझ्यासाठी आहेत का?

आहेत, काकू. ४९८अ तुम्हाला लागू नाही, ते नवरा आणि त्याच्या नातेवाईकांपुरतं आहे. पण घरगुती हिंसाचार कायदा आईलाही मुलाविरुद्ध वापरता येतो, राहत्या घरातून त्याला दूर ठेवायचा आदेशही मागता येतो. शिवाय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणात पोटगीचा अर्ज करता येतो, तिथे वकिलाची गरज पडत नाही. मारहाण झाली असेल तर साध्या दुखापतीचा गुन्हा वेगळा, तो पोलिसात द्या. आणि आज रात्रीच भीती वाटत असेल तर १८१ किंवा ११२ ला फोन करा, अर्ज उद्या करा.